न जाळण्याची शपथ

शहरातून आलेली ती विद्यापीठाची पोरं भली होती, यात वाद नाही. एका सकाळी त्यांनी केदुंगलेगी गावच्या पुलाखाली उतरून नदीतून चारशेच्या वर डायपर बाहेर काढले, काठावर ओळीनं मांडले, त्यांचे फोटो घेतले आणि जमलेल्या बायकांना सांगितलं की डायपर जाळलं तर बाळाचं बूड भाजतं, ही निव्वळ अंधश्रद्धा आहे. बायका तोंडावर हात धरून हसल्या. उन्हातान्हात राबलेल्या पोरांना त्यांनी भात आणि तळलेलं सोयाबीनचं तेंपे वाढलं, जाताना केळीच्या पानात बांधूनही दिलं. आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाताना पुलावर स्कूटर जराशी हळू करून पिशव्या पुन्हा खाली सोडल्या.

विलुजेंग हे सगळं बघत होती. वय चोपन्न, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, आणि एकोणीस वर्षं गावातल्या बाळांची वजनं घेण्याचं काम अंगावर घेतलेलं. त्याचा पगार नाही, पण मान आहे. गावातली निम्मी पोरं तिच्या काट्याच्या झोळीत लटकून मोठी झाली होती. त्यामुळे शहरातल्या पोरांचं कुठे चुकलं, ते तिला लगेच कळलं. आईला तोंडावर ‘तू अडाणी’ म्हटल्यावर ती वळेल कशी?

बाळाच्या अंगचं जे असतं ते बाळापासून तुटत नाही, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. वार दाराशी पुरतात, वर मडकं पालथं घालतात, पस्तीस दिवस दिवा लावतात. ती बाळाचं भावंडच की. मग त्याच बाळाचं ओलं डायपर कुणी आगीत कसं घालेल? जाळलं तर भाजणार, नदीत सोडलं तर थंड राहणार, इतका सरळ हिशेब होता. पूर्वी लंगोट होते, धुतले की प्रश्न मिटायचा. कारखाने आले, बायका पहाटे कामाला जायला लागल्या, दुकानातून डायपर आले. वापरून झाल्यावर त्याचं काय करायचं हे सांगायला मात्र कुणीच आलं नाही. बायकांनी आपल्या अकलेनं उत्तर काढलं. आता त्या उत्तरानं पुलाचे खांब गुडघाभर पांढऱ्या लगद्यात बुडाले होते, मासे पोट वर करून वाहत यायचे, आणि विलुजेंगच्या विहिरीच्या पाण्याला पावसाळ्यानंतर असा वास मारायचा की भातसुद्धा त्यात शिजवायला नको वाटायचं.

म्हणून ती जिल्हा कचेरीत गेली, चार खेपा घातल्या, आणि एक गोष्ट मिळवून आली. दर शनिवारी कचेरीचा ट्रक येईल, डायपर घेऊन जाईल आणि डेपोच्या खड्ड्यात पुरेल. पुरेल, जाळणार नाही. पुलाच्या तोंडाशी तीन निळी पिंपं ठेवली. आठवडाभर त्यात एक डायपर पडेल तर शपथ.

पुढच्या मंगळवारी वजनाचा दिवस होता. गावसभागृहाच्या व्हरांड्यात बायका पोरं घेऊन बसल्या होत्या, मुगाची खीर वाटून झाली होती. विलुजेंगनं पिंपांचा विषय काढला तशी म्हातारी जुमिरा खाकरली. जुमिरा म्हणजे गावची सुईण. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, पण बाळाला तेल चोळायला आणि दृष्ट काढायला अजून तीच लागते. सगळे तिला म्बाह म्हणत, आजी; आणि विलुजेंगला बू, म्हणजे बाई.

“ट्रक नेणार म्हणतेस,” जुमिरा म्हणाली. “ट्रकवरच्या माणसाला घरी तान्हं बाळ आहे का? नाही ना? मग तो काडी लावायला किती वेळ घेईल?”

“म्बाह, कचेरीनं लिहून दिलंय.”

“कचेरीनं लिहून दिलं!” म्हातारी खो खो हसली. “अगं, कचेरीनं मला रस्त्याचं पण लिहून दिलं होतं. त्या रस्त्यावर आता बदकं पोहतात.”

बायका हसल्या. रोफिया नावाची कोवळी आई, पहिलंच बाळ मांडीवर, तिनं मात्र गंभीरपणे विचारलं, “बू, तुम्ही सांगा. कचेरी राहू दे. तुमचा शब्द आहे का?”

त्या वेळी विलुजेंगची नात काट्याला लटकलेली होती. लारास, सात महिन्यांची, झोळीतून पाय झाडत होती. तिची आई, म्हणजे विलुजेंगची लेक प्रिहातिन, बुटांच्या कारखान्यात कामाला. जावई दूर बेटावर ताडाच्या मळ्यात. लारास दिवसभर आजीकडेच असायची. विलुजेंगनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या मनात आधीपासून असं काही नव्हतं. सगळ्या जणी बघत होत्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या ऐकायच्या बेतात होत्या.

“या पिंपांतलं एक जरी डायपर कुणी जाळलं,” ती म्हणाली, “तर त्याचा दाह दुसऱ्या कुठल्या बाळाला नको. माझ्या लारासला लागू दे.”

जुमिरासुद्धा हसायची थांबली. मग तिनं मान हलवली आणि म्हणाली, “झालं तर मग. आता टाका गं पिंपात.”

संध्याकाळी प्रिहातिन कारखान्यातून आली, ती बातमी ऐकूनच. गोंदाच्या वासाचे हात तिनं धुतलेही नाहीत.

“माक, शपथ घ्यायला तुला दुसरं कुणी सापडलं नाही? स्वतःचं डोकं कुठे गेलं होतं?”

“अगं, तुझा विश्वास आहे का असल्यावर? तूच तर म्हणायचीस, म्हातारीच्या गप्पा.”

“विश्वास असो नाहीतर नसो. माझं पोर आहे ते. जाहीर सभेत जामीन ठेवायला मी तुला दिलेलं नाही.” मग जरा वेळानं, भात वाढून घेताना, “काही झालं ना, तर मी हिला सासूकडे नेऊन ठेवीन. सांगून ठेवते.”

सासू बसनं सहा तासांवर. विलुजेंगनं तिच्या पानात तेंपे वाढलं. काही होणार नव्हतंच.

आणि खरंच, अकरा शनिवार सगळं छान झालं. ट्रक यायचा, पिंपं रिकामी करून जायचा. पुलाखालचा लगदा एका मोठ्या पुरात वाहून गेला आणि पुन्हा साचला नाही. एका सकाळी पुलाच्या कठड्याशी दोन माणसं गळ टाकून बसलेली दिसली तेव्हा विलुजेंगला रडू आलं, उगाचच. गेल्या कित्येक वर्षांत तिथे कुणी गळ टाकला नव्हता. तिनं जुन्या सारोंग लुंग्यांचे ऐंशी लंगोट शिवले आणि बायकांना वाटले. दिवसा लंगोट, रात्री डायपर, एवढं जरी केलं तरी पिंपं निम्मी राहतील असा तिचा विचार. चार-पाच जणींनी वापरलेही. बाकीच्या म्हणाल्या, “बू, धुवायचे कधी? आणि कशात? विहिरीच्या पाण्यात पांढरं घातलं तर पिवळं निघतं.” त्यांचं खोटं नव्हतं.

बाराव्या शनिवारी ट्रक आला नाही. चाकाचा आस मोडला म्हणाले. तेराव्या शनिवारी आस मिळाला, पण डेपोचा खड्डा भरला होता. चौदाव्या शनिवारी फोन कुणी उचललाच नाही.

गावानं मात्र ऐकलं होतं, आणि तेच तिच्या मुळावर आलं. पूर्वी हसण्यावारी नेणाऱ्या बायका आता इमानदारीत पिशव्या आणून पिंपात टाकत होत्या. एवढंच नाही, वरच्या दोन गावांतल्या बायकाही स्कूटरवरून यायला लागल्या. केदुंगलेगीत एक बाई आहे, ती जाळू देत नाही, नातीच्या डोक्यावर हात ठेवलाय तिनं, अशी कीर्ती पसरली होती. पिंपं भरली, पिंपांशेजारी पोती लागली, पोती कुत्र्यांनी फाडली. विलुजेंगनं हातगाडीवर घालून ती सभागृहाच्या मागे हलवली. तिथली जागा संपल्यावर एकतीस पोती स्वतःच्या परसात नेऊन ताडपत्रीखाली रचली. परस केवढं, तर एक पपईचं झाड आणि विहीर. खड्डा खणायला घेतला तर कोपरभर खोलीवर पाणी लागलं, आणि ते पाणी पुन्हा आपल्याच विहिरीत, म्हणून तिनं फावडं ठेवून दिलं.

लारासला कडेवर घेऊन ती कचेरीत गेली. पहिल्या टेबलानं दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्यानं जेवणाची सुट्टी संपेस्तोवर बसवलं. तिसऱ्या टेबलावर एक तरुण साहेब होता, चांगला होता. लारासला त्यानं बिस्किट दिलं.

“बू, अडचण अशी आहे,” तो म्हणाला, “डायपर साध्या कचऱ्यात धरायचं की वेगळ्या, याचा निर्णय वर अडकलाय. तोवर डेपो घेणार नाही.”

“निर्णय कधी होईल?”

“ते माझ्या हातात असतं तर!”

“मग मी काय करू त्यांचं?”

त्यानं खरोखर मनापासून विचार केला. मग म्हणाला, “जाळून टाका की. गावाकडे मोकळी जागा असते.”

विलुजेंगनं त्याचे आभार मानले. दुसरं काय करणार? येताना बसमध्ये लारास बिस्किट चोखत होती आणि ही तिच्या डोक्यावरून हात फिरवत होती, त्याच जागी जिथे तो ठेवला होता.

गावप्रमुख पाक दारसोनोला वेगळीच घाई होती. स्वच्छ गाव स्पर्धेची समिती बुधवारी येणार होती, आणि सभागृहाच्या मागे डायपरचा डोंगर.

“बू, मी तुमच्या विरोधात नाही,” तो म्हणाला. “पण नाकाला रुमाल लावून समितीला कॉफी पाजू का मी?”

“मला शनिवारपर्यंत वेळ द्या. मी ट्रक मिळवते. कुणाच्या तरी पाया पडते. पण पाक, काडी लावू नका. काय बोललेय मी, ते सगळ्या गावाला माहीत आहे.”

“बघतो,” पाक दारसोनो म्हणाला. तो माणूस वाईट नव्हता. फक्त ‘बघतो’ म्हणाला आणि विसरला, आणि आपल्या माणसांना काही सांगायचं राहून गेलं.

मंगळवारी पुन्हा वजनाचा दिवस आला. दवाखान्याच्या सिस्टर यायच्या होत्या, त्या उशिरा येणार होत्या. झोळी ओली व्हायला नको म्हणून विलुजेंगनं त्या दिवशी लारासला सकाळीच डायपर घातलं होतं. घरी एरवी दिवसा लंगोटच असायचे. सतरा आया जमल्या होत्या. लारासला झोळीत घातलं, काटा हलायचा थांबायची वाट बघत विलुजेंग आकड्याकडे डोळे लावून उभी होती.

वास आधी जुमिराला आला. म्हातारीनं खिरीची वाटी खाली ठेवली.

मग धूर आला. सभागृहाच्या छपरावरून खाली उतरला, काळा, जड, गोडसर कुबट वासाचा. कुणी काही विचारलं नाही. तो वास आईला विचारावा लागत नाही. सतराच्या सतरा जणींनी आपापली पोरं छातीशी धरली, आणि मग सगळ्यांनी एकाच वेळी काट्याकडे बघितलं. लारास झोळीत लटकत होती, पाय झाडत होती, सगळे आपल्याकडे बघतायत म्हणून खूश होऊन हसत होती.

विलुजेंगनं तिला झोळीतून काढून रोफियाच्या हातात दिलं आणि ती धावली.

मागे पाक दारसोनोची तीन माणसं रॉकेलचा डबा घेऊन उभी होती. डोंगर एका बाजूनं पेटला होता. “बू, तुमचं काम हलकं केलं!” त्यांतला एक हसून म्हणाला. मग तिचा चेहरा बघून त्याचं हसू मावळलं. “काय झालं? साफ करायला सांगितलं होतं...”

“पाणी आणा,” विलुजेंग ओरडली. “पाणी आणा, पाणी आणा.”

सगळे धावले. हे मात्र खरं, की त्या दिवशी कुणी हात बांधून बसलं नाही. बादल्या, घमेली, भाताची पातेली, जे मिळेल त्यातून नदीचं पाणी आणून त्या ढिगावर ओतलं. पण डायपरच्या पोटात ती भुकटी असते ना, ती पाणी पिते आणि फुगते. वरचा थर फुगून गिळगिळीत झाला, त्याचं झाकण तयार झालं आणि त्याच्या खाली आग शांतपणे आत आत सरकत राहिली. पाणी आत जाईना, धूर बाहेर यायचा थांबेना. दुपार झाली, दुपार टळली. विलुजेंग बादल्या ओततच होती. जुमिरा जवळ आली आणि तिच्या हातातली बादली काढून घेतली.

“पुरे, पोरी,” ती म्हणाली. “ते आता विझणार नाही.”

संध्याकाळी रोफियानं लारासला आणून दिलं. पोर रडून रडून झोपलं होतं. सकाळचं तेच डायपर अजून अंगावर होतं, फुगून जड झालेलं. रोफियाला बिचारीला बदलायचं सुचलं नव्हतं. ती आपलं पोर एका कडेवर आणि हे एका कडेवर घेऊन दिवसभर बसली होती. विलुजेंगनं डायपर सोडलं. आत सगळं लाल होतं.

तिला कारण माहीत होतं. एकोणीस वर्षं ती आयांना हेच सांगत आली होती, की ओलं डायपर तीन तासांवर ठेवू नका. इथे तर दहा तास झाले होते. अशी शंभर लाल बुडं तिनं बघितली होती, आणि शंभरही बरी झाली होती. हे सगळं तिला ठाऊक होतं, आणि तरीही तिनं दिवा जवळ ओढून पुन्हा पुन्हा बघितलं.

बुधवारी सकाळी चट्टे मांड्यांपर्यंत उतरले होते, कडेला बारीक फोड होते आणि अंग कढत लागत होतं. ती दवाखान्यात गेली. सिस्टरनं बघितलं, मलमाची ट्यूब दिली. “दिवसातून तीनदा लावा, उघडं ठेवा, कोरडं ठेवा. चार-पाच दिवसांत जाईल. यात घाबरण्यासारखं काय आहे? तुम्हीच तर दुसऱ्यांना सांगता.”

“हो,” विलुजेंग म्हणाली.

प्रिहातिन त्या दिवशी अर्धी पाळी टाकून आली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं लारासला पालथं घालून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि तशीच जुमिराला बोलावून घेऊन आली.

म्हातारीनंही बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा लवलेश नव्हता. “ही ट्यूब कशाची?”

“सिस्टरनं दिलीय.”

“लावू नका. वरून बुजवलं की दाह आत राहतो. काल तो ढीग बघितलास ना, वरून झाकला आणि आत जळत राहिला? तसं.” ती विलुजेंगकडे वळली. “तुझ्या परसात अजून पोती आहेत. न जळलेली. तीही कोण कधी जाळेल याचा नेम नाही. ती सगळी थंड कर. दुसऱ्या कुणाच्या हातानं नाही. जिनं शब्द दिला तिनंच सोडायची.”

“म्बाह, एकतीस पोती आहेत.”

“मोजून मला काय सांगतेस?”

“नदीत एकतीस पोती! गेले तीन महिने मी...” तिनं लेकीकडे बघितलं. “प्रिहातिन, काल दिवसभर तिचं डायपर बदललं नव्हतं. म्हणून झालंय हे. तुला खरंच वाटतं का, की...”

“मला काय वाटतं ते मला माहीत नाही, माक,” प्रिहातिन म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. “मला फक्त एवढं कळतं, की तू म्हणालीस लारासला लागू दे, आणि लारासला लागलं. तू पोती सोडत नसशील तर मी सकाळच्या बसनं हिला घेऊन जाते. तिची दुसरी आजी निदान तिच्यावर पैजा तरी लावणार नाही.”

गुरुवारी सकाळी विलुजेंगनं हातगाडी काढली. एका खेपेत चार पोती. आठ खेपा. वाटेत बायका दारात उभ्या होत्या. कुणी टोमणा मारला नाही, कुणी मदतही केली नाही, कारण मदत चालत नव्हती. रोफियाचे डोळे भरलेले होते. विलुजेंग एकेक पोतं पुलाच्या कठड्यावर चढवायची, छातीनं रेटायची आणि सोडून द्यायची. गळ टाकून बसलेली ती दोन माणसं आपली डबी-दोरी गुंडाळून निघून गेली. तिला त्यांच्याकडे बघवलं नाही. इतकी लाज तिला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. काही पोती फुटली, काही खांबाला अडकून फुगत बसली. शेवटचं पोतं टाकून झाल्यावर ती कठड्याला धरून उभी राहिली आणि हमसून हमसून रडली. लोकांना वाटलं, नातीसाठी रडतेय. तेही खोटं नव्हतं.

पण ट्यूब तिनं टाकली नव्हती. प्रिहातिन पाळीवर गेली की ती दार लावून घ्यायची, लारासला चटईवर उघडं ठेवायची, पपईच्या पानानं वारा घालायची आणि मलम लावायची. सकाळी, दुपारी, आणि मग चारच्या सुमाराला. प्रिहातिन यायच्या आधी ते ओल्या फडक्यानं पुसून काढायची. बोटांचा वास जावा म्हणून हातांना आलं चोळायची. स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच नातीला औषध लावायला चोरासारखं वागावं लागत होतं, आणि तिला याचा रागही येत नव्हता. राग यायलाही थोडी ताकद लागते.

शुक्रवारी ताप उतरला. रविवारी फोड सुकले. मंगळवारी लारासचं बूड पूर्वीसारखं गोरंगोमटं झालं, आणि प्रिहातिननं आईला मिठी मारली. “तू माझ्यासाठी एवढं केलंस, माक,” ती म्हणाली. “मला माहीत आहे तुला किती जड गेलं ते.” बसचा विषय पुन्हा निघाला नाही. लारास आजीकडेच राहिली.

पिंपं आता पाक दारसोनोच्या अंगणात पावसाचं पाणी साठवायला होती. स्पर्धेत गावाला उत्तेजनार्थ काहीतरी मिळालं होतं.

पुढच्या महिन्यात वजनाच्या दिवशी प्रिहातिन मुद्दाम रजा काढून आली. सगळ्यांना लारास बघायची होती. झोळीत घालण्याआधी बायकांनी तिला हातोहात फिरवलं, पालथं केलं, न्याहाळलं. “काही खूणसुद्धा नाही गं!” रोफिया म्हणाली. जुमिरानं तिच्या पाठीवर हलकेच चापट मारली आणि खिरीची वाटी पुढे ओढली.

सिस्टर या वेळी वेळेवर आल्या होत्या. चष्म्यातून बघत म्हणाल्या, “अरे वा. छान भरलं की. मी म्हटलं नव्हतं, चार-पाच दिवस? तीनदा लावलंत ना मलम? जरा या सगळ्यांना सांगा, बू. माझं कुणी ऐकत नाही, तुमचं ऐकतात.”

सतरा जणी विलुजेंगकडे बघत होत्या. जुमिरा बघत होती. प्रिहातिन लारासला मांडीवर घेऊन समोरच बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर आईबद्दलचा तो नवा, भोळा विश्वास होता, जो परत मिळायला एकतीस पोती लागली होती.

तीनदा, दार लावून, सहा दिवस. ट्यूब पिळून पिळून संपली होती. एवढंच बोलायचं होतं. एकोणीस वर्षं जे सांगायचं होतं ते सांगायला याहून चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती, आणि आज तर त्या विचारत होत्या.

“नाही, सिस्टर,” विलुजेंग म्हणाली. “मलम मी लावलंच नाही.”

“मग बरं कशानं झालं?”

“नदीत सोडलं ना सगळं,” ती म्हणाली. “त्यानं झालं.”

बायकांनी माना डोलावल्या. जुमिरानं खीर संपवली. सिस्टरनी सुस्कारा टाकला, वहीत काहीतरी खरडलं आणि म्हणाल्या, “घाला तिला काट्यात.” विलुजेंगनं लेकीच्या मांडीवरून नात उचलली, झोळीत ठेवली आणि काटा थांबायची वाट बघत उभी राहिली. आठ किलो दोनशे. तिनं तो आकडा मोठ्यानं वाचून दाखवला.